काल चालत होतं, आज लॉगिनच होत नाही: लिनक्स मशीन्स आणि डिरेक्टरी सर्व्हरचं नेहमीचं दुखणं

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतली छोटी डिझाइन ऑफिसं, एकदोन कॉलेजच्या लॅब, सीएची मोठी ऑफिसं, सगळीकडून येणारा फोन एकच असतो, "साहेब, लॉगिन नथी थतुं". आणि तो फोन येतो पण ठरलेल्या दिवशी. दिवाळीनंतर लाभपाचमला ऑफिस उघडतं त्या सकाळी, उत्तरायण आणि वासी उत्तरायणच्या दुसऱ्या दिवशी, किंवा नेटवाल्याने राउटर बदलला त्याच संध्याकाळी. सेटअप सगळ्यांकडे साधारण सारखाच, एक डिरेक्टरी सर्व्हर, म्हणजे सगळ्यांची खाती एकाच ठिकाणी ठेवणारा, त्यावर फ्रीआयपीए नाहीतर ओपनएलडॅप हे सॉफ्टवेअर, आणि वीस-तीस लिनक्स मशीन्स ज्या एसएसएसडी नावाच्या सर्व्हिसमार्फत त्या सर्व्हरला विचारतात की हा माणूस कोण आणि त्याचा पासवर्ड बरोबर आहे का. म्हणून क्रमवार लिहून ठेवतोय, फुकटात होणारं आधी आणि घाम काढणारं शेवटी.

लक्षणं काय दिसतात

आधी नीट बघा तुमच्याकडे यातलं नेमकं काय होतंय, कारण अर्धा शोध इथेच संपतो.

- एकाच मशीनवर होत नाही, शेजारच्या मशीनवर त्याच माणसाचं होतं.
- सगळ्या मशीन्सवर सगळ्यांचं एकदम बंद.
- जुने लोक आरामात शिरतात, पण या आठवड्यात जॉइन झालेला मुलगा शिरू शकत नाही. हे लक्षण फार बोलकं आहे, पुढे सांगतो.
- टर्मिनलवर आयडी ही कमांड आणि पुढे युजरचं नाव टाकलं की "नो सच युजर" येतं.
- आयडी बरोबर येतो, ग्रुप पण दिसतात, पण पासवर्ड घेत नाही.
- पासवर्ड घेतो, स्क्रीन एकदा काळी होते आणि परत लॉगिनच्या पानावर आणून सोडते.
- लॉगिन होतं पण मिनिटभर गोल गोल फिरत राहतं.
- ग्रुपमध्ये घातलं तरी फोल्डर उघडत नाही.

यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात, ओळख आणि पासवर्ड. नवरात्रात गरब्याच्या ग्राउंडवर यादीत तुमचं नाव असणं वेगळं आणि हातातला पास खरा असणं वेगळं, तसंच हे. "नो सच युजर" म्हणजे नावच सापडत नाही, मग पासवर्ड रीसेट करून काही होणार नाही. आणि आयडी बरोबर येत असेल तर नावाच्या मागे लागू नका, पासवर्ड तपासायच्या वाटेवर बघा. लोक नेमकं उलटं करतात, काहीही झालं की पहिलं काम पासवर्ड रीसेट.

अजून एक, पुढचं सगळं करायला मशीनवर एक लोकल खातं लागतं, म्हणजे सर्व्हरवर नाही तर त्या मशीनवरच बनवलेलं, ज्याला सुडो (अॅडमिनचे अधिकार) चालतं. ते नसेल तर सर्व्हर बंद पडला त्या दिवशी तुम्ही स्वतःच्याच मशीनच्या बाहेर उभे. आज सगळं चालू असेल तर आजच बनवून ठेवा.

माणसापासून सुरुवात

कॅप्सलॉक बघा, हसू नका. त्याहून जास्त वेळा सापडतो तो कीबोर्डचा लेआउट. आपल्याकडे एकाच मशीनवर इंग्रजी, गुजराती, कधी मराठी पण घातलेलं असतं, लॉगिन स्क्रीनवर लेआउट गुजराती राहून गेलेला असतो आणि पासवर्डच्या जागी फक्त ठिपके दिसतात म्हणून कोणाला कळतच नाही. युजरनेमच्या खान्यात पासवर्ड टाइप करून बघा कुठली अक्षरं उमटतात, मग पुसून टाका आणि एंटर मात्र मारू नका, नाहीतर तो पासवर्ड लॉगमध्ये युजरचं नाव म्हणून जाऊन बसेल.

मग खातं लॉक झालंय का ते. फ्रीआयपीएमध्ये काही बदललं नसेल तर सहा वेळा चुकीचा पासवर्ड दिला की खातं दहा मिनिटं लॉक होतं, आणि पासवर्डचं आयुष्य ९० दिवसांचं. म्हणजे माणूस चिडून परत परत टाइप करतो, मधे बरोबर पासवर्ड टाकला तरी लॉक असल्यामुळे घेत नाही आणि त्याला वाटतं सिस्टिमच बिघडली. चहा पाजा, दहा मिनिटांनी परत. आणि अॅडमिनने पासवर्ड रीसेट केला तर फ्रीआयपीए तो पासवर्ड मुद्दाम एक्सपायर झालेलाच ठेवतं, पहिल्या लॉगिनला माणसाने स्वतः नवीन ठेवायचा असतो. काही स्क्रीनलॉकवर तो बदलायचा प्रश्न नीट दिसत नाही, मग साध्या कन्सोलवर, कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून, तिथे लॉगिन करा, विचारेल ते द्या.

वायर आणि वायफाय

मागचा लाइट लुकलुकतोय का, सर्व्हरला आयपी नंबरने पिंग लागतो का, एवढंच. पण मशीन वायफायवर असेल तर एक खोच आहे. वायफायचं कनेक्शन जर एका युजरपुरतं सेव्ह केलेलं असेल तर ते त्या युजरने लॉगिन केल्यावरच जोडलं जातं, आणि लॉगिन करायला तर नेटवर्क हवं. नेटवर्क सेटिंगमध्ये ते कनेक्शन सगळ्या युजर्ससाठी करा. जमलं तर वायरच टाका, शंभर रुपयांच्या वायरसाठी एवढा त्रास कशाला.

घड्याळ, घड्याळ, घड्याळ

लाभपाचमवाले फोन बहुतांशी इथे संपतात. दिवाळीला लोक मेन स्विच बंद करून जातात, जे बरोबरच आहे, पण जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेलेला असतो, मग वीज आली की मशीन उठतं ते कुठल्यातरी जुन्या सालात. आता फ्रीआयपीए पासवर्ड तपासायला कर्बेरॉस वापरतं आणि कर्बेरॉसला तुमच्या आणि सर्व्हरच्या घड्याळात ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. हा हट्टीपणा मुद्दाम आहे, कोणी जुनं पाकीट पकडून ठेवून नंतर परत पाठवलं तर ते ओळखता यावं म्हणून. नुसतं ओपनएलडॅप असलं तरी सुटका नाही, कारण मशीनची तारीख मागे असेल तर सर्व्हरचं सर्टिफिकेट "अजून सुरूच झालेलं नाही" असं त्याला वाटतं आणि ते जोडणीच नाकारतं.

टाइमडेटसीटीएल ही कमांड चालवा आणि त्यातली यूटीसीची (जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेची) ओळ सर्व्हरच्या यूटीसीच्या ओळीशी ताडून बघा. लोकल वेळ बघून फसू नका. मी असं मशीन बघितलंय जिथे कोपऱ्यातलं घड्याळ अगदी बरोबर होतं पण टाइमझोन चुकलेला होता, कोणीतरी हाताने वेळ "दुरुस्त" केली होती, म्हणजे आतून साडेपाच तासांचा फरक. ड्युअल बूटचं पण हेच दुखणं, विंडोज हार्डवेअर घड्याळात भारतीय वेळ लिहितं, लिनक्स तीच यूटीसी समजतं, झाला साडेपाच तासांचा घोळ. आदल्या दिवशी कोणी विंडोजमध्ये टॅली उघडली होती का ते विचारा, उत्तर बहुधा "हो" येतं.

तात्पुरता इलाज म्हणजे वेळ जुळवणाऱ्या क्रोनी सर्व्हिसची कमांड, क्रोनीसी मेकस्टेप. कायमचा इलाज म्हणजे नवीन सेल, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो, आणि क्रोनीच्या कॉन्फिगमध्ये बाहेरच्या टाइम सर्व्हरबरोबर आपला डिरेक्टरी सर्व्हर पण टाकायचा. नेट गेलं तरी निदान सगळी मशीन्स एकमेकांशी जुळलेली राहतात.

नाव सापडतंय का, म्हणजे डीएनएस

डीएनएस म्हणजे नावावरून आयपी नंबर सांगणारा. पिंग आयपीने लागतो पण सर्व्हरच्या नावाने लागत नाही, तर इथे थांबा. राउटर बदलला की हे हमखास. नवीन राउटर डीएचसीपीमधून, म्हणजे मशीन्सना आपोआप नेटवर्क सेटिंग देतो त्यातून, स्वतःचा किंवा कंपनीचा डीएनएस वाटतो, आणि बाहेरच्या डीएनएसला तुमच्या ऑफिसच्या आतल्या सर्व्हरचं नाव माहीत असायचं कारणच नाही. फ्रीआयपीएच्या मशीन्स तर लॉगिनचा सर्व्हर कुठे आहे हेसुद्धा डीएनएसच्या एसआरव्ही रेकॉर्डमधून शोधतात, त्यामुळे डीएनएस गेला की सगळंच गेलं.

गेटएन्ट होस्ट्स आणि पुढे सर्व्हरचं पूर्ण नाव, हे चालवा. उत्तर नाही आलं तर राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये पहिला डीएनएस आपल्या सर्व्हरचा घाला. आणि दुसरा डीएनएस "सेफ्टीसाठी" गूगलचा घालू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येकजण घालतोच. मशीन एकदा का दुसऱ्याकडे वळलं आणि त्याने "असं नाव नाही" म्हटलं की ते उत्तर पक्कं धरलं जातं, पहिल्याला परत विचारायला कोणी जात नाही. मग दिवसातून तीनदा लॉगिन जातं आणि येतं, आणि असा येणारा-जाणारा फॉल्ट पकडणं सगळ्यात कटकटीचं.

सर्व्हरच्या नावाच्या जागी सरळ आयपी लिहून टाकू का, असं विचारतात. नको. सर्टिफिकेटमध्ये नाव असतं, आयपी बहुतेक वेळा नसतो, मग ते पुढे टीएलएसला, म्हणजे सर्टिफिकेट तपासून होणाऱ्या कुलूपबंद जोडणीला, अडकतं.

एसएसएसडी जागा आहे का

सिस्टमसीटीएल स्टेटस एसएसएसडी. बंद असेल आणि चालूच होत नसेल तर सगळ्यात आधी एसएसएसडी डॉट कॉन्फ फाइलची परवानगी बघा, मालक रूट आणि परवानगी ६०० हवी. कोणीतरी दुसऱ्या मशीनवरून फाइल कॉपी केली, परवानगी ६४४ झाली, की एसएसएसडी उठायलाच नकार देतो, कारण त्या फाइलमध्ये बाइंडचा, म्हणजे मशीन ज्या खात्याने सर्व्हरशी बोलतं त्याचा, पासवर्ड असू शकतो. मग एसएसएससीटीएल कॉन्फिग-चेक, टायपिंगची चूक असेल तर तिथे दाखवतं.

चालू असेल तर एसएसएससीटीएल डोमेन-स्टेटस आणि डोमेनचं नाव. ऑनलाइन की ऑफलाइन ते कळेल. आता ते वरचं बोलकं लक्षण, जुने शिरतात आणि नवा शिरत नाही. याचा अर्थ मशीन ऑफलाइन आहे आणि जुन्यांना कॅशमधून, म्हणजे आधी साठवून ठेवलेल्या माहितीवरून, आत घेतंय. नव्याचं कॅशमध्ये काहीच नाही म्हणून तो बाहेर. मालकाला वाटतं नव्याचं खातं नीट बनवलं नाही, आणि तो बिचारा अॅडमिन तेच खातं तीनदा डिलीट करून बनवतो! खातं ठीक आहे, मशीनची सर्व्हरशी बोलणीच बंद आहेत. वरचं घड्याळ आणि डीएनएस झालं की एसएसएसडी रीस्टार्ट करा, बहुतेक वेळा इथेच सुटतं.

आणि एक गैरसमज. गेटएन्ट पासडब्ल्यूडी नुसतं चालवलं की सर्व्हरवरचे युजर यादीत दिसत नाहीत, म्हणून लोक घाबरतात. एसएसएसडी मुळातच सगळी यादी देत नाही, ते सेटिंग बंदच असतं आणि बंदच असावं. पुढे युजरचं नाव लिहून विचारा, मग देईल. तरी नाही दिलं तर एनएसस्विच डॉट कॉन्फमध्ये पासडब्ल्यूडी आणि ग्रुपच्या ओळीत एसएसएस हा शब्द आहे का बघा. आणि त्याच नावाचा लोकल युजर कोणी बनवून ठेवलाय का तेही, कारण त्या ओळीत फाइल्स आधी येतं, मग लोकलवालाच जिंकतो आणि सर्व्हरवरच्या पासवर्डला कोणी विचारत नाही.

कॅश उडवण्याआधी वाचा

नेटवर शोधलं की पहिलं उत्तर मिळतं, व्हार-लिब-एसएसएस-डीबी मधल्या फाइल्स उडवा आणि रीस्टार्ट करा. सर्व्हर पोचत नसताना हे केलंत तर जे लोक कॅशवर काम करत होते तेही बाहेर. एका मशीनचा प्रॉब्लेम तीस मशीन्सचा करायचा हा सगळ्यात झटपट मार्ग. आधी डोमेन-स्टेटस ऑनलाइन आहे याची खात्री, मगच.

बहुतेक वेळा फाइल्स उडवायची गरजही नसते. एसएसएस अंडरस्कोर कॅश ही कमांड कॅपिटल ई लावून चालवली की कॅश जुनी झाली एवढी खूण होते, पुढच्या वेळी सर्व्हरला ताजं विचारलं जातं आणि सर्व्हर नसेल तर जुनं शिल्लक राहतं. ग्रुपमध्ये घातलं तरी फोल्डर उघडत नाही याचं उत्तर पण हेच, कारण एसएसएसडी एकदा आणलेली माहिती ५४०० सेकंद, म्हणजे दीड तास, धरून ठेवतो. कॅश जुनी करा आणि माणसाला लॉगआउट करून परत यायला सांगा. ग्रुप लॉगिनच्या वेळी ठरतात, उघड्या सेशनमध्ये बसून वाट बघून काही होत नाही.

आयडी येतो, पासवर्ड घेत नाही: सर्टिफिकेट

ओपनएलडॅपवाल्यांकडे हे जास्त. एसएसएसडी उघड्या जोडणीवर युजरची माहिती आणेल, पण पासवर्ड उघड्या जोडणीवर पाठवत नाही, त्याला टीएलएस लागतंच, मग पोर्ट ३८९ वर स्टार्टटीएलएस असो नाहीतर ६३६ वर एलडॅपएस. म्हणून सेटअप करणाऱ्याने टीएलएस अर्धवट सोडलं की आयडी झकास चालतो आणि लॉगिन होत नाही. सेटअप पूर्वी चालत होता आणि एका सकाळी सगळीकडे बंद झाला तर सर्टिफिकेटची तारीख संपली, हा माझा पहिला संशय, कारण कोणीतरी एका वर्षाचं बनवून ठेवतो आणि नोकरी सोडून अहमदाबादला जातो.

ओपनएसएसएलची एस-क्लायंट कमांड सर्व्हरच्या ६३६ पोर्टवर लावा, येणाऱ्या सर्टिफिकेटमधली शेवटची तारीख आणि नाव दोन्ही बघा. नाव तेच हवं जे एसएसएसडीच्या कॉन्फिगमध्ये आहे. आणि ज्याने ते सही केलं त्या सीएची (सर्टिफिकेट ऑथॉरिटी, हिशेबवाला सीए नव्हे) फाइल मशीनवर आहे का तेही.

इथे कोणीतरी सुचवेल की टीएलएस-रिक्वसर्ट नेव्हर करून टाका, म्हणजे सर्टिफिकेट तपासणंच बंद. चालेल, नक्की चालेल, आणि मग तुमच्या नेटवर्कवर कोणीही लॅपटॉप लावून "मीच सर्व्हर" म्हणाला तरी मशीन्स त्याला सगळ्यांचे पासवर्ड देतील. कॉलेजच्या लॅबमध्ये तर अजिबात नाही, तिथे पोरं वाटच बघत असतात.

स्क्रीन काळी होऊन परत येते

हे लक्षण असेल तर वरचं बरंच सोडून थेट इथे आलात तरी चालेल, पासवर्ड पास झालाय, अडचण होम फोल्डरची आहे. आधी डीएफ, डिस्क भरलीय का. मग होम फोल्डर बनलंय का. रेडहॅट जातीच्या मशीनवर ऑथसिलेक्टमध्ये विथ-एमकेहोमडिर लागतं आणि ऑडजॉबडी सर्व्हिस चालू लागते, उबुंटूवर पॅम-ऑथ-अपडेटमध्ये होम डिरेक्टरी बनवायची खूण करायची. होम आहे पण मालकाच्या जागी नुसता आकडा दिसतोय, म्हणजे युजरचा यूआयडी (त्याचा आतला नंबर) बदललाय, खातं डिलीट करून परत बनवलं की असं होतं. होम एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनच्या डिस्कवर, असेल तर ते माउंट झालंय का बघा.

क्लोन केलेल्या मशीन्स

लॅबवाल्यांसाठी खास. एक मशीन नीट बसवलं, डोमेनमध्ये जोडलं, आणि मग त्याची इमेज तीस मशीन्सवर ओतली. दिसायला सगळं छान. पण प्रत्येक मशीनची सर्व्हरकडे स्वतःची ओळख असते, ती कीटॅब नावाच्या फाइलमध्ये, आणि आता तीस मशीन्स एकाच नावाने बोलतायत. कोणी एका मशीनवर परत जोडणी केली की नवीन किल्ली बनते आणि बाकी एकोणतीस मशीन्सची जुनी रद्द. केलिस्टला के लावून चालवा, कीटॅबमधलं नाव आणि होस्टनेम जुळतंय का बघा. जुळत नसेल तर होस्टनेम बदला, आयपीए-क्लायंट-इन्स्टॉल अनइन्स्टॉलसकट काढा, परत जोडा. इमेज घ्यायची ती डोमेनला जोडण्याआधी.

लॉग आणि सर्व्हर

इथपर्यंत आलात तर एसएसएसडी डॉट कॉन्फमध्ये डोमेनच्या भागात डीबग-लेव्हल ६ करा, रीस्टार्ट करा, एकदा लॉगिन करून बघा आणि व्हार-लॉग-एसएसएसडी मधली डोमेनच्या नावाची फाइल वाचा. एरर ४९ म्हणजे पासवर्ड चुकला, आणि तो बाइंडच्या खात्याचा असू शकतो, युजरचा नाही. ३२ म्हणजे शोधायची जागा, सर्च बेस, चुकलाय. "कान्ट कॉन्टॅक्ट" म्हणजे परत वर जा, नेटवर्क, नाव, सर्टिफिकेट. काम झालं की डीबग बंद करा, नाहीतर लॉगच डिस्क भरेल.

सर्व्हरवर आयपीएसीटीएल स्टेटस किंवा ओपनएलडॅप असेल तर एसएलएपीडीचं स्टेटस, डीएफ, आणि फ्रीआयपीए असेल तर सर्टिफिकेट्सची यादी दाखवणारी गेटसर्ट लिस्ट. बस. बघायचं, हात लावायचा नाही.

कुठे थांबायचं

गेटसर्ट लिस्टमध्ये फ्रीआयपीएची स्वतःचीच सर्टिफिकेट्स एक्सपायर दिसली तर थांबा. घड्याळ मागे नेऊन रिन्यू करायच्या युक्त्या सांगणारे भेटतील, अर्धवट झालं तर सीएच हातातून जातो. दोन सर्व्हर आहेत आणि एकावर बनवलेला युजर दुसऱ्यावर दिसत नाही, तर रेप्लिकेशन, म्हणजे दोघांनी एकमेकांची माहिती जुळवत राहणं, तुटलंय, थांबा, आणि त्यातल्या एकाचा जुना व्हर्च्युअल मशीन स्नॅपशॉट मुळीच मागे फिरवू नका. सर्व्हिस उठताना डेटाबेस खराब असल्याचं म्हणतेय तरी थांबा. अॅडमिन ग्रुपमध्ये अनोळखी नाव दिसलं तर तो बिघाड नसून कोणीतरी घुसलंय असं समजा. पॅमच्या (लॉगिन तपासणारा लिनक्सचा भाग) फाइल्स हाताने बदलायची वेळ आली आणि ती फाइल तुम्ही पहिल्यांदाच बघताय, तरी माणूस बोलवा, तिथे एक ओळ चुकली की रूटसुद्धा आत येत नाही. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शिरलं तसं कधी तळमजल्यावरच्या सर्व्हरला पाणी लागलंच, तर पुसून सुकवून "चालतंय का बघू" करायचं नाही, डिस्क काढून डेटा रिकव्हरीवाल्याकडे.

माणूस बोलवताना त्याला फोनवर हे सांगा: एका मशीनवर की सगळीकडे, आयडी येतो का, डोमेन-स्टेटस काय म्हणतं, शेवटचं कधी चाललं आणि त्यानंतर काय बदललं, शेवटचा बॅकअप कधीचा. तो येईपर्यंत सर्व्हर रीबूट करू नका, आणि जे लोक कॅशवर लॉगिन करून काम करतायत त्यांना करू द्या, फक्त सांगून ठेवा की आज पासवर्ड बदलायचा नाही.